थळकरी, उपरी आणि पंधरा वर्षांचा पुरावा

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. सत्तावीस वर्षे झाली. झेरॉक्सबरोबर अर्ज भरून देणे, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करणे, फोटो चिकटवून देणे ही कामे ओघाने आलीच. दहावी-बारावीचे निकाल लागले की दुकानापुढे रांग लागते आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना एकच कागद हवा असतो : वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. लोक त्याला नुसते 'डोमिसाइल' म्हणतात. संध्याकाळी शटर ओढले की मी दुसरे कागद काढून बसतो. पस्तिशीत मोडी शिकलो. कॉलेज अर्धवट सुटलेले, त्यामुळे इतिहासाची पदवी नाही. जे काही समजले ते छापील साधनग्रंथ आणि कुणाकुणाच्या घरच्या पेट्यांतली दप्तरे वाचून. दिवसा पाहिलेले कागद आणि रात्री वाचलेले कागद एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. माणूस एखाद्या गावचा 'कायमचा' केव्हा होतो आणि ते ठरवते कोण, ही ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक बाई मुलाला घेऊन दुकानात आल्या. तालुक्याच्या वरच्या, कोरडवाहू अंगाच्या वाडीतल्या. नवरा-बायको दोघे ऊसतोडीला जाणारे. मुलगा दहावी झालेला, त्याला कृषी पदविकेला प्रवेश हवा होता. अडचण अशी की मुलाचा जन्म कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या तळावर, कोपीत झालेला. जन्माची नोंद तिकडची. शाळेच्या दाखल्यात मधली दोन वर्षे रिकामी, कारण त्या दोन हंगामांत त्याला सांभाळायला घरी कुणी नव्हते. अर्जात रकाना होता : 'महाराष्ट्रात सलग किती वर्षांपासून वास्तव्य?' मी विचारले, "ताई, इथं काय लिहायचं?" बाई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही गावचंच हाय. जातो, पन परत येतोच की."

या उत्तराला अर्जात जागा नव्हती. पण ते उत्तर मी आधी कुठेतरी वाचले होते.

मराठी मुलखातल्या जुन्या गावात शेती करणाऱ्यांचे दोन ठळक वर्ग होते. एक मिरासदार, ज्याला पुणे-सातारा भागात थळकरी किंवा थळवाईकही म्हणत, दुसरा उपरी. 'मिरास' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ वारसा. ज्याची जमीन वाडवडिलांपासून त्याच्या घराण्याच्या नावावर, ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा, मुलांना वाटून देण्याचा त्याला हक्क, तो मिरासदार. उपरी म्हणजे बाहेरून येऊन गावातली पडीक, सरकारी किंवा दुसऱ्याची जमीन कसणारा. त्याचा करार वर्षाचा किंवा काही वर्षांचा. तो सोडून जाऊ शकत होता आणि त्याला काढताही येत होते.

पेशवाई गेल्यानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल वरिष्ठांना पाठवला. त्यात मिरासदाराविषयी जे सांगितले आहे ते वाचून मी थबकलो होतो. सरकारचा सारा भरतो आहे तोवर मिरासदाराला जमिनीवरून हलवता येत नाही, हे तर आहेच. पण सारा थकला, तो गाव सोडून गेला, तरीही त्याचा हक्क लगेच बुडत नाही. निदान तीस वर्षांपर्यंत तो परत येऊन, सरकारचे देणे फेडून आपली जमीन मागू शकतो. मधल्या काळात ती जमीन एखादा उपरी कसत असेल, तर त्याने ती सोडायची.

जुन्या कागदांत अशा गेलेल्या माणसासाठी 'परागंदा' हा शब्द येतो. दुष्काळ, लूट, साऱ्याचा तगादा, भाऊबंदकी, कारणे अनेक. १६३० च्या मोठ्या दुष्काळात आणि पुढे १८०२-०३ मध्ये, होळकरांच्या स्वारीनंतरच्या दुष्काळात, पुण्याकडची गावेच्या गावे उठली. माणसे परमुलखात गेली आणि त्यांच्यापैकी काही, किंवा त्यांची मुले, परत आली. परत येऊन ती म्हणत : ही आमची मिरास. गावाने ओळखले की हक्क परत. ज्या घराण्यात कुणीच उरले नाही, त्याच्या जमिनीला 'गतकुळ' म्हणत. घराणे संपले तरी थळाला नाव त्याचेच राहायचे. माणूस नाही, वंश नाही, पण गाव म्हणणार 'अमक्याचे थळ'. गावाची स्मरणशक्ती अशी लांब होती.

म्हणजे जुन्या गावाच्या लेखी कायमचा माणूस तो नव्हता, जो कधी हललाच नाही. गेला तरी ज्याची जागा राखून ठेवली जाते, तो कायमचा. उपरी वीस वर्षे एका जागी राहिला तरी उपरीच, आणि मिरासदार वीस वर्षे बाहेर राहिला तरी मिरासदारच. वर्षे मोजण्याचा हिशोब तिथे नव्हताच.

याचेच दुसरे रूप गोव्यात दिसते. तिथल्या गावकरी संस्थेचे, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत ज्याला कोमुनिदाद म्हणू लागले तिचे, सभासद म्हणजे गावकार. अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये या रूढींची सनद तयार केली. गावकाराचा हक्क बापाकडून मुलाकडे जातो आणि गावाच्या उत्पन्नातला वाटा, 'जोण', त्याला मिळतो. मग तो गावात राहो की मुंबईत. उलट पिढ्यान्‌पिढ्या गावात राहणारा, पण गावकारांच्या वंशातला नसणारा नुसता 'मोरादोर', म्हणजे रहिवासी. राहणे आणि गावचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या शब्दांतच मांडलेले आहे.

उपऱ्याचे चित्र मात्र नुसते केविलवाणे रंगवणे बरोबर नाही. ओसाड गाव वसवायचे तर उपऱ्याशिवाय चालत नसे. दादोजी कोंडदेवांच्या काळापासून पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी 'इस्तावा' देण्याची रीत सांगितली जाते : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक चढता, काही वर्षांनी पुरा. असा कौल हातात असलेला उपरी अनेकदा शेजारच्या मिरासदारापेक्षा कमी सारा भरायचा. जाच झाला तर बैल जोडून दुसऱ्या गावी निघून जायचा. तिथला पाटील त्याला नवा कौल द्यायला तयारच असे. मिरासदाराला ही सोय नव्हती. पुरा सारा त्याच्या बोकांडी, काही ठिकाणी वर 'मिरासपट्टी' नावाची जादा पट्टी. पाटलाने गावाच्या नावावर कर्ज काढले तर ते फेडायला पुन्हा हीच घरे. जमीन त्याला धरून होती आणि तोही जमिनीला धरून होता.

मग मिरास कुणी कशासाठी धरून ठेवायची? कंपनीच्या अधिकाऱ्यांनी याची कारणे नोंदवून ठेवली आहेत. गावाच्या बैठकीत मिरासदाराच्या शब्दाला वजन. गायरानावर हक्क. घर बांधले तर ते विकता येते. उपऱ्याला गाव सोडताना घर तसेच टाकून जावे लागे. सणावारी मान. आणि लग्नसंबंध : मिरासदार आपली मुलगी उपऱ्याच्या घरी सहसा देत नसे. म्हणजे कायम असणे हा पोटाचा हिशोब नव्हता, तो पंगतीचा हिशोब होता.

हे ठरवत कोण होते? वाद झाला की गोतसभा बसे. गोत म्हणजे नुसते भाऊबंद नव्हेत. पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे पाटील, असे सगळे. साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. खाली कुणब्याची निशाणी नांगर, कारागिरांच्या ज्याच्या त्याच्या हत्याराच्या खुणा. बहुतेकांना लिहिता येत नव्हते, पण कागद त्यांच्याशिवाय पुरा होत नव्हता. तुम्ही या गावचे आहात याचा पुरावा म्हणजे शेजाऱ्याची आठवण आणि त्याची निशाणी.

इथपर्यंत वाचताना हे सगळे फार सुंदर वाटू लागते. मलाही वाटले होते. पण गावात आणखी एक कायमचा माणूस होता आणि त्याच्याकडे पाहिले की मिरासीची दुसरी बाजू दिसते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की शेवटचा शब्द महाराचा असे. शीव कुठून जाते हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नाही, हे सगळे गाव मानत होते. त्याच्याकडे वतन होते, ते पिढीजात होते. 'वतन' या शब्दाचा अरबीतला अर्थ राहण्याची जागा, मायभूमी. हिंदी-उर्दूत तो देश या अर्थाने रुळला. मराठीत त्याचा अर्थ झाला पिढीजात हक्क आणि त्या हक्काला बांधलेले पिढीजात काम. महाराच्या बाबतीत हक्क तुटपुंजा आणि काम अहोरात्र. शीव दाखवणारा माणूस राहायला मात्र गावकुसाबाहेर.

या वतनातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या वेळी ते मंजूर होऊ शकले नाही. कनिष्ठ वतने संपली ती १९५८ च्या कायद्याने. गावची माती सोडा, शहराकडे चला, हे बाबासाहेबांचे सांगणे याच संदर्भात समजून घ्यावे लागते. ज्याला गावाने जाऊच दिले नाही, त्याच्या कायमपणाला हक्क कसे म्हणायचे? मिरासदाराला जाऊन परत येण्याची मुभा होती. महाराच्या वाट्याला फक्त राहणे आले.

मिरासदार आणि उपरी हा भेद कागदावरून पुसला तो इंग्रजांच्या मोजणीने. आमच्या भीमाकाठालाच, इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमाबंदी सुरू केली. त्याआधीची प्रिंगलची आकारणी इतकी जड झाली होती की लोक जमिनी टाकून जात होते. नव्या पद्धतीत जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिला, प्रतीप्रमाणे सारा ठरवला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. जो सारा भरील तो कब्जेदार. तो मिरासदार आहे की उपरी, हे सरकारने पाहायचे सोडून दिले. पुढे १८६५ आणि १८७९ च्या कायद्यांनी ते पक्के झाले. 'अमक्याचे थळ' जाऊन तिथे सर्व्हे नंबर आला. कितीतरी उपऱ्यांना यात पहिल्यांदा जमिनीवर पाय रोवता आले, हे मान्य केले पाहिजे. पण गावाने आपली जुनी वही मिटली नाही. सरकारदरबारी पुसलेला भेद गावच्या तोंडी राहिला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे पणजोबा १८९६-९७ च्या दुष्काळात माणदेशातून भीमेच्या काठी आले. एका मोठ्या घराण्याच्या मळ्यावर राहिले, त्यांच्याच जागेत त्यांच्या परवानगीने घर बांधले. आजोबांनी पुढे चार एकर जमीन घेतली, सातबाऱ्यावर नाव लागले. तरी यात्रेत पालखीला खांदा देण्याची पाळी आमच्या घरावर कधी आली नाही. वडिलांना वयस्क माणसेसुद्धा सहज, मनात काही वाईट नसताना, 'उपऱ्याचा' म्हणत. वडील त्यावर काही बोलत नसत. मला मात्र त्या शब्दाचा राग यायचा, आणि खरे सांगायचे तर मोडी शिकण्यामागे तो रागच होता.

उजनी धरणात आमचे गाव गेले. भरपाईची मोजणी झाली तेव्हा घराखालची जागा त्या मोठ्या घराण्याच्याच नावावर निघाली. आम्हाला मिळाली ती फक्त इमल्याची भरपाई. म्हणजे दगड, लाकूड, पत्रा. जागेचे पैसे मूळ मालकाला. त्यात बेकायदा काहीच नव्हते. पुष्कळ वर्षांनी एका रात्री, उपऱ्याला गाव सोडताना घर टाकून जावे लागे ही नोंद वाचताना मला ते इमल्याचे पैसे आठवले आणि दिवा मालवून मी बराच वेळ तसाच बसलो. पेशवाईतला नियम १९७० च्या दशकात माझ्या बापाला लागू झाला होता.

पण पाण्याने आणखीही एक केले. नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. आमच्या एका बाजूला त्या मोठ्या घराण्याची धाकटी पाती आली, दुसऱ्या बाजूला आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतले एक घर. ज्यांच्या शिवारात हे गावठाण बसले, ते सगळ्यांना मिळून एकच म्हणत : धरणग्रस्त. साडेतीनशे वर्षांचे मिरासदार एका पावसाळ्यात उपरी झाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ जसे वर येते, तशी आमच्या गावठाणाची जोतीही उघडी पडतात. एका वर्षी वडिलांना घेऊन गेलो होतो. मोठ्या घराण्यातले एक आजोबाही तिथे काठी टेकत उभे होते. ते वडिलांना म्हणाले, "तुझं घर हे न्हवं का?" जोत्याकडे बोट त्यांचे होते आणि 'तुझं घर' हे शब्दही त्यांचेच. सरकारी कागदात जे कधी उमटले नाही, ते त्या दिवशी मिळाले असे वडिलांना वाटले असावे. घरी येईपर्यंत ते गप्प होते.

आजचा कागद वर्षे मोजतो. महाराष्ट्रातल्या अधिवासासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीच्या दाखल्याला त्याहून मागे जावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचे पूर्वज महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा द्यायचा. ज्यांची ओळखच फिरण्याची, त्यांना आपण १९६१ सालचा पत्ता विचारतो. ज्यांच्या वाडवडिलांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्यांच्यापैकी काहींचा सर्वांत जुना पत्ता म्हणजे ती वसाहतच. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले, तेव्हा हा शब्द पाठीवर किती शतकांचे ओझे घेऊन येतो हे त्यांना पुरते ठाऊक असणार.

कायद्याच्या दृष्टीने तर आणखी एक गंमत आहे. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिवास एकच, तो भारताचा. एखाद्या राज्याचा 'डोमिसाइल' म्हणणे हा शब्दाचा चुकीचा वापर आहे. जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात रहिवासाच्या आधारे जागा राखणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तरी माझ्या दुकानापुढची रांग काही कमी झालेली नाही. स्थानिकांना काही राखून ठेवावे ही मागणी खोटी नाही, आमच्यासारख्या कोरड्या तालुक्यात तर नाहीच. प्रश्न एवढाच की स्थानिक कोण, हे वर्षांच्या बेरजेवरून ठरवायचे की ओळखीवरून? ओळखीने ठरवले तर आमच्यासारखे चार पिढ्या बाहेर राहतात. बेरजेने ठरवले तर त्या बाईंसारखे बाहेर पडतात. दोन्ही मापे मी जवळून पाहिली आहेत आणि दोन्ही माणसाला अपुरी पडतात. त्यांतले एक निवडायला सांगितले, तर मी म्हणेन : परत येणे मोजा. माणूस दर वर्षी कुठे परत येतो, कुणाच्या मयताला येतो, लग्नाची पत्रिका कुठल्या देवापुढे ठेवतो, ते विचारा.

त्या मुलाच्या अर्जाचे पुढे असे झाले. शिधापत्रिका, आईवडिलांची नावे असलेल्या मतदार याद्या, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला असे जमेल ते जोडले. तरी मधली वर्षे भरेनात. शेवटी स्थानिक चौकशी लागली. तलाठी वाडीवर गेले, पाच पंच बोलावले आणि पंचनामा लिहिला की हे कुटुंब याच वाडीचे, हंगामापुरते बाहेर जाते आणि दर वर्षी परत येते. चौघांनी सह्या केल्या. पाचव्या म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी अंगठा उठवला. मी त्या पंचनाम्याची झेरॉक्स काढताना काचेवर कागद ठेवला आणि तो अंगठा पाहून मला महजराखालचा नांगर आठवला. इतके कायदे झाले, इतक्या मोजण्या झाल्या, आणि शेवटी गाडे येऊन थांबले ते शेजाऱ्याच्या निशाणीपाशी.

प्रमाणपत्र आले तोवर प्रवेशाची पहिली फेरी हुकली होती. तिसऱ्या फेरीत मुलाला जागा मिळाली. दसरा झाला, टोळ्या निघायचे दिवस आले. बाई जाता जाता दुकानाशी थांबल्या. मुलाला वसतिगृहात ठेवले होते, त्याला काही लागले तर पाहा म्हणाल्या. मी हो म्हटले. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडीकुंडी आणि दोन शेळ्या. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. त्याही म्हणाल्या, "येते भाऊ."